लेणी, गड, सडा आणि वारी: सोनीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी प्रवासाची लेन्स कोणती?

प्रवासासाठी लेन्स घेताना बहुतेक जण आधी झूमचा आकडा बघतात, म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ: आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ. १८-३०० म्हणजे सगळं आलं, १८-५० म्हणजे बरंच राहिलं, असा हिशेब मांडतात. महाराष्ट्रात फिरताना हा हिशेब फार वेळ टिकत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि आत अंधुक उजेड असतो. पावसाळ्यात गडावर लेन्स बदलायला कोरडा आडोसा सापडत नाही. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, फूल सेंटिमीटरभर असतं आणि पायवाट सोडायची नसते. वारीत धूळ आणि गर्दी दोन्ही, आणि समोरचा क्षण पुन्हा मिळत नाही. म्हणून सिग्मा १८-५०, टॅमरॉन १७-७० आणि टॅमरॉन १८-३०० या तीन लेन्स इथे जागेनुसार तपासल्या आहेत: उभं कुठे राहायचं आहे, तिथे उजेड किती, पाणी किती, आणि तिथे लेन्स बदलता येईल का.

तिन्ही लेन्स सोनीच्या ई-माउंटवरच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खोबण), एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान सेन्सरसाठी बनवलेल्या, आणि तिन्ही २०२१ साली बाजारात आलेल्या आहेत. ए६४००, ए६७००, झेडव्ही-ई१० अशी बॉडी ज्यांच्याकडे आहे आणि किट लेन्सच्या, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सच्या, पुढे जायचं आहे, त्यांची निवड बहुधा या तिघींतच येऊन थांबते.

कागदावर

सिग्मा १८-५० मिमी एफ/२.८ डीसी डीएन: वजन २९० ग्रॅम, लांबी साडेसात सेंटिमीटरांहून किंचित जास्त, फिल्टर ५५ मिमीचा. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. हिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, नाही. पाणी-धूळ अडवणारं रबर फक्त माउंटपाशी आहे.

टॅमरॉन १७-७० मिमी एफ/२.८ व्हीसी: वजन ५२५ ग्रॅम, लांबी जवळजवळ १२ सेंटिमीटर, फिल्टर ६७ मिमीचा. व्हीसी म्हणजे टॅमरॉनचं स्टॅबिलायझेशन. सांध्या-सांध्यांवर ओलावा अडवणारी बांधणी आणि पुढच्या काचेवर फ्लोरिनचा लेप आहे, त्यामुळे पाण्याचे थेंब आणि बोटांचे ठसे सहज पुसले जातात.

टॅमरॉन १८-३०० मिमी एफ/३.५-६.३ व्हीसी: वजन ६२० ग्रॅम, लांबी साडेबारा सेंटिमीटर, फिल्टर ६७ मिमीचाच. स्टॅबिलायझेशन आहे, ओलावा अडवणारी बांधणीही आहे. गळ्यात लटकवून चालताना नळी आपोआप बाहेर सरकू नये म्हणून १८ मिमीवर अडकवायचं बटण आहे. चढणीवर ते फार उपयोगी पडतं.

तिघींत सिग्मा सगळ्यांत स्वस्त आणि १७-७० सगळ्यांत महाग पडते. फुल-फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत बोलायचं तर या अनुक्रमे २७-७५, २५-१०५ आणि २७-४५० झाल्या.

१७ आणि १८ यांतला एका मिलिमीटरचा फरक किती, हे लोक हमखास विचारतात. हिशेब सोपा आहे. सोनीच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. तिला फोकल लेंग्थने भागायचं आणि समोरच्या वस्तूच्या अंतराने गुणायचं. दहा मीटरवरून १७ मिमीला १३.८ मीटर रुंदी मावते, १८ मिमीला १३ मीटर. फरक आहे, पण एक पाऊल मागे सरकून भरून निघेल एवढाच. हाच हिशेब पुढे प्रत्येक जागी लागू पडतो, आणि घरबसल्या करता येतो.

लेणी: इथे एफ/२.८ ला पर्याय नाही

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, हे आधी लक्षात ठेवा, म्हणजे दोन दिवसांची आखणी चुकत नाही. दोन्ही ठिकाणी ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणजे सामान्य प्रवाशाला कॅमेरा हातातच धरायचा आहे.

आता उजेडाचं गणित बघू. समजा अजिंठ्याच्या एखाद्या चित्रित भिंतीपुढे एफ/२.८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ला १/३० सेकंदाचा शटर मिळतो आहे. तीच भिंत १८-३०० लावून १८ मिमीवर घेतली, तर छिद्र एफ/३.५, शटर १/२०. झूम ७० मिमीच्या आसपास नेला की छिद्र एफ/५ च्या घरात येतं आणि शटर १/१० वर उतरतो. टोकाला, एफ/६.३ वर, १/६. म्हणजे भिंत जवळ आणायला जावं तसा उजेड आटत जातो. आयएसओ १२८०० वर नेऊन शटर वाचवता येतो, पण अजिंठ्याचे मातकट तांबडे, हिरवे, काळपट रंग त्याने येणाऱ्या दाण्यात एकमेकांत मिसळतात. रंगांसाठीच जिथे जायचं, तिथे रंगच हरवायचे हे परवडणारं नाही.

स्टॅबिलायझेशन इथे खरं कामाला येतं, कारण भिंतीवरचं चित्र हलत नाही. सिग्मा ५० मिमीवर, स्टॅबिलायझेशन नसलेल्या ए६४०० वर लावली, तर हात स्थिर असूनही १/८० च्या खाली धोका सुरू होतो. टॅमरॉन १७-७० त्याच बॉडीवर, त्याच ५० मिमीला, खांबाला खांदा टेकवून श्वास रोखला तर १/१० पर्यंत धारदार फोटो देते. तीन स्टॉपांचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फायदा झाला, म्हणजे आयएसओ ६४०० ऐवजी ८००. ए६७०० च्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असल्यामुळे तिथे सिग्माची ही उणीव बरीच भरून निघते. म्हणून लेण्यांसाठी यातली कोणती लेन्स, हे आधी बॉडीवरून ठरवायचं.

तरीही दोघींनाही एक मर्यादा आहे, आणि ती रुंदीची. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या बाजूच्या भिंतीत महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे. पहुडलेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब. १८ मिमीला सात मीटर मावायला जवळजवळ साडेपाच मीटर मागे जावं लागतं, आणि तेवढं मागे गेलं की मधले खांब आड येतात. १० मिमीच्या लेन्सने हेच काम तीन मीटरवरून होतं. तशी लेन्स नसेल तर उपाय एकच: भिंतीला समांतर चालत, प्रत्येक पावलाला एक उभी फ्रेम, शेजारच्या फ्रेमचा निम्मा भाग पुन्हा येईल अशी घ्यायची आणि घरी जोडायची. जागेवर उभं राहून नुसता कॅमेरा फिरवला तर शिल्पाची दोन्ही टोकं निमुळती होतात.

वेरूळच्या कैलासाला उलट अडचण येते, ती उंचीची. वरून खाली कोरत नेलेल्या त्या प्रचंड खड्ड्याची लांबी सुमारे ८४ मीटर आणि रुंदी ४७ मीटर, पण मंदिर मधोमध उभं असल्यामुळे भोवतीचं अंगण अरुंद उरतं. कॅमेरा वर झुकवला की भिंती आत कलतात. त्या सरळ हव्या असतील तर कॅमेरा जमिनीला समतल ठेवावा लागतो आणि मग उभ्या फ्रेमचा खालचा निम्मा भाग फरसबंदीत जातो. दहा मीटरवरून १८ मिमीची उभी फ्रेम वर फक्त आठ मीटरांपर्यंत पोहोचते. १० मिमीची तेरा मीटरांच्या पुढे. डोंगराच्या बाजूने वर चढून कड्यावरून संपूर्ण मंदिर घ्यायचं असेल तर मात्र १८ मिमी पुरते, आणि तिथे दुपारपेक्षा सकाळ किंवा उतरतं ऊन घ्यावं, नाहीतर अर्धं मंदिर काळं आणि अर्धं पांढरं पडतं.

एक सूचना तिन्ही लेन्सना लागू. १७-१८ मिमीवर तिघीही सरळ रेषा वाकवतात आणि ती वक्रता कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर सरळ करतं. जेपीईजीमध्ये ते आपोआप होतं. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल उघडताना लेन्स प्रोफाइल चालू आहे ना, ते बघा. नाहीतर खांबांची ओळ पोटात फुगलेली दिसेल आणि दोष लेन्सला दिला जाईल.

पावसाळी गड

२०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतलेच खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पाण्याशी भिडलेले. गड बघायला गर्दी होते ती जून ते सप्टेंबर, म्हणजे लेन्सच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट काळात.

इथे दोन्ही टॅमरॉन सिग्माच्या पुढे आहेत. तरी एक गोष्ट स्पष्ट हवी: ओलावा अडवणारी बांधणी म्हणजे जलरोधक नव्हे, आणि बॉडी तशी नसेल तर लेन्सची बांधणी वाया जाते. झेडव्ही-ई१० वर १७-७० लावून सरींत उभं राहणं म्हणजे पाणी लेन्सऐवजी बॉडीच्या बटणांतून आत जाऊ देणं. ए६७०० बरोबर हीच लेन्स भुरभुर पावसात निर्धास्त चालते.

तिन्ही लेन्स झूम करताना लांब होतात आणि बिघाड नेमका तिथून सुरू होतो. बाहेर आलेल्या नळीवर पाऊस पडतो, आपण झूम मागे घेतो, आणि ते पाणी नळीसोबत आत ओढलं जातं. काही दिवसांनी आतल्या काचेवर धुकं, आणि काही आठवड्यांनी बुरशी. नियम असा पाळा: झूम आत घेण्याआधी नळी पुसायची. त्यासाठी चष्म्याचं मऊ कापड नको, ते पाणी पसरवतं. जुना सुती पंचा किंवा टॉवेलचा तुकडा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. १८-३०० ची नळी सगळ्यांत जास्त बाहेर येते, म्हणून पावसात तिचा लांबचा झूम शक्यतो टाळा.

हूड, म्हणजे लेन्सच्या पुढचं कडं, पावसात काढायचा नाही. काचेवर थेंब पडण्यापासून तोच वाचवतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीला हूडएवढं भोक पाडून ते रबरबँडने हूडवर बसवलं की साधारण तासभराचा पाऊस निभावतो. काचेवर थेंब आलाच तर आधी ब्लोअरने उडवा, मग टिपा. घासू नका, कारण घाटातल्या वाऱ्याबरोबर बारीक कणही आलेले असतात.

धुक्यात ऑटोफोकस मागेपुढे शोधत राहतो. मधला एकच फोकस बिंदू निवडून तो झाडाच्या खोडावर किंवा तटबंदीच्या कडेवर, म्हणजे जिथे काळं-पांढरं भेटतं तिथे, ठेवा. कॅमेरा धुक्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ द्या. त्याहूनही सोपं म्हणजे फोकस हाताने लावून विसरून जाणं: १८ मिमी, एफ/८, फोकस दोन मीटरवर. एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हिरवळीच्या दरीसाठी याहून जास्त छिद्र आवळायची गरज नसते. एफ/११ च्या पुढे या सेन्सरवर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) फोटो उलट मऊ होतो.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा १८ मिमीत मावत नाही. तिथे १० मिमी हवी, किंवा १८-२४ मिमीवर पाच-सहा उभ्या फ्रेम, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून, प्रत्येकीत तिसरा हिस्सा सामायिक ठेवून. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. १० मिमीत कडा मावतो खरा, पण त्याची उंची चेपल्यासारखी दिसते आणि समोरचा आपल्या बुटाजवळचा दगडच मोठा होऊन बसतो.

वजनाबद्दल बोलायचं तर ए६७०० ची बॉडी बॅटरीसकट ४९३ ग्रॅम. सिग्मासह ७८३ ग्रॅम, १७-७० सह किलोच्या किंचित वर, १८-३०० सह अकराशे ग्रॅम. हरिहरच्या पायऱ्यांसारख्या जागी दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे पुढून जड असलेली लेन्स छातीवर आपटत राहते. सिग्मा सॅकच्या पट्ट्यावरच्या क्लिपला अडकवली तरी हालचालीला आड येत नाही. गड चढणाऱ्यांना सिग्मा एवढी का आवडते, ते तिथे कळतं.

कास, आणि सेंटिमीटरभराची फुलं

साताऱ्याजवळचं कासचं पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, आणि लोक ज्याला मिकी माउस म्हणतात तो कवला. फूल जितकं छोटं, तितका प्रवासी वाकतो, गुडघा टेकतो आणि शेजारची दहा रोपं चिरडतो. म्हणून इथे लेन्स निवडताना किती जवळून फोकस होतो यापेक्षा, वाटेवर उभं राहून किती मोठं दिसतं हा प्रश्न आधी विचारायला हवा.

१८-३०० चं कागदावरचं सर्वांत मोठं वर्धन १:२ आहे (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या निम्मी), पण ते १८ मिमीवर, १५ सेंटिमीटरांतून. हे अंतर सेन्सरपासून मोजतात. त्यातून लेन्सची लांबी आणि माउंट-सेन्सरमधलं अंतर वजा केलं तर काचेपुढे जेमतेम सहा-सात मिलिमीटर उरतात. फुलावर लेन्सचीच सावली पडते आणि हूड लावला तर फूल हूडच्या आत जातं. हा आकडा जाहिरातीत छान दिसतो, सड्यावर निरुपयोगी आहे. खरा उपयोग दुसऱ्या टोकाचा: ३०० मिमीवर ९९ सेंटिमीटरांतून १:४. पूर्ण फ्रेममध्ये सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांची रुंदी येते, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत सेंटिमीटरभराचं फूल सहाशेहून अधिक पिक्सेल घेतं. पार्श्वभूमी विरघळते. आणि पाय वाटेवरच राहतात. कासपुरतं बोलायचं तर ही लेन्स बाकी दोघींना मागे टाकते.

सिग्मा १८ मिमीवर १२ सेंटिमीटरांतून १:२.८ देते. काचेपुढे अडीच सेंटिमीटर मोकळे राहतात, आणि फुलाबरोबर मागचा सडा, ढग, तलाव सगळं येतं. असं चित्र ३०० मिमीने मिळत नाही. पण ते वाटेच्या अगदी कडेला उगवलेल्या फुलाचंच घ्या. १७-७० इथे मधल्यामध्ये राहते: दोन्ही टोकांना साधारण १:५, ना धड मोठं, ना धड रुंद.

स्पष्टतेची खोली फार थोडी असते, तिचा अंदाज ठेवा. ३०० मिमीवर, एफ/६.३ ला, अगदी जवळून, सुमारे पाच मिलिमीटर. सिग्मावर जवळून एफ/२.८ ला जेमतेम एक मिलिमीटर, एफ/८ ला साडेतीन. सड्यावर वारा थांबत नाही, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ वाढला तरी चालेल. स्टॅबिलायझेशन हात सावरतं, डोलणारं फूल नाही. एका क्षणाच्या सात-आठ फ्रेमची मालिका घ्या, एक तरी नेमकी लागते.

वारी

इथे एकच नियम सगळ्यांवर भारी पडतो: चालत्या दिंडीत लेन्स उघडू नये. पावलांची धूळ, बुक्का, मधूनच सर. सेन्सरवर बसलेला ठिपका पुढच्या प्रत्येक आकाशात दिसतो. जी लेन्स सकाळी लावली, तीच संध्याकाळपर्यंत.

१८-३०० चं सर्वांत मोठं समर्थन हेच. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण असो की बेलवाडीचं गोल रिंगण, क्षणापूर्वी टाळकऱ्याचा चेहरा हाताच्या अंतरावर असतो आणि क्षणानंतर अश्व चाळीस मीटरांवरून धावत येतो. चाळीस मीटरवर २०० मिमीला पावणेपाच मीटर रुंदी मावते. अश्व आणि पुढे थोडी मोकळी जागा, बरोबर. शटर १/१६०० हवा. दुपारी एफ/६.३ ला आयएसओ ४०० ते ८०० मध्ये ते जमतं, ढग दाटले की ३२०० वर जातं. लेण्यात चढा आयएसओ रंग मारतो, पण इथे तो चालून जातो, कारण हालचाल गोठणं महत्त्वाचं असतं.

१७-७० वारीत दिवसभर सुखात ठेवते, फक्त रिंगण आणि दिवे घाटातलं वळणावळणांवरून जाणाऱ्या पालखीचं लांबून घेतलेलं दृश्य सोडून. त्या दृश्यात दूरची वळणं एकमेकांवर येऊन माणसांची सलग रांग दिसते, ती १०० ते २०० मिमीच्या दरम्यानच. सिग्माने वारी करायची तर माणसांत मिसळून, दोन हातांवरून करावी लागते. चेहऱ्यांसाठी ते उत्तमच आहे. पण आधी नजरेने विचारून.

पहाटेचं कीर्तन आणि मुक्कामावरची रात्र मात्र १८-३०० च्या हाताबाहेर जाते. दिव्याच्या उजेडात चेहरा घ्यायला ३० मिमी एफ/१.४ सारखी एखादी छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स) बरोबर असावी. सिग्माची २६५ ग्रॅमची आहे आणि एफ/२.८ च्या चौपट उजेड देते. ती मुक्कामी, तंबूत, बसून बदलता येते.

मग घ्यावी कोणती?

बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल आणि लेणी, मंदिरं, संध्याकाळचे बाजार हे तुमचं फिरणं असेल, तर टॅमरॉन १७-७०. जड आहे, महाग आहे, पण ए६४०० वर अंधारात दुसरी कुठलीही झूम तिची जागा घेत नाही.

ए६७०० असेल आणि गड चढत असाल, तर सिग्मा १८-५०, आणि जमेल तेव्हा तिच्या जोडीला सिग्माचीच १०-१८ मिमी एफ/२.८. ही २०२३ साली आली, २६० ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून ५५० ग्रॅम, म्हणजे एकट्या १७-७० पेक्षा फक्त २५ ग्रॅम जास्त. एवढ्या वजनात १० ते ५० मिमी, सगळीकडे एफ/२.८. कैलासाचं अंगण आणि कोकणकडा दोन्ही त्यात येतात. माझा कौल या जोडीला आहे.

१८-३०० घ्यायची ती वारी, जत्रा, कास आणि कुटुंबासोबतच्या सहली यांसाठी, जिथे दिवस उजेडाचा असतो आणि थांबायला वेळ नसतो. तिचे कोपरे दोन्ही टोकांना मऊ असतात. एफ/८ वर आणलं की बरेच सुधारतात. केवळ पक्ष्यांसाठी ती घेऊ नका. भिगवणला नावेतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) घ्यायचे तर सोनीची ७०-३५० मिमी साधारण तेवढ्याच वजनात, ६२५ ग्रॅममध्ये, लांबच्या टोकाला जास्त धारदार आणि फोकसला चपळ आहे. चाळीस मीटरवर ३५० मिमीला २.७ मीटर रुंदी, म्हणजे दोन पक्षी शेजारी नीट मावतात.

किट लेन्सही आधी नीट वापरून बघा. सोनीची १६-५० मिमी केवळ ११६ ग्रॅमची आहे आणि भर उन्हात एफ/८ ला तिचा फोटो वाईट नसतो. आणि खरेदीआधी लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मागच्या वर्षभराचे आवडते फोटो फोकल लेंग्थनुसार गाळून बघा. किट झूमने काढलेले बहुतेक फोटो १६-१८ वरच अडकलेले दिसले, तर तुम्हाला लांबची नाही, रुंद लेन्स हवी आहे. फुल-फ्रेमची २८-७५ स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. या सेन्सरवर ती ४२ पासून सुरू होते आणि गडाच्या दरवाजात पाठ भिंतीला लागते.

फुजीवाल्यांना तिन्ही लेन्स एक्स-माउंटमध्ये मिळतात. कॅननच्या आरएफवर सिग्मा १८-५० ही २०२४ पासून आहे. कॅननचा सेन्सर थोडा लहान, त्यामुळे तिथे ती २९ पासून सुरू होते.

फिल्टर

पावसाळ्यात एकच फिल्टर खरा उपयोगी: पोलरायझर. ओल्या पानांवरची चकाकी काढली की हिरवा रंग खोल दिसतो आणि ओढ्याचा तळही दिसतो. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, म्हणून लेण्यात शिरताना काढा. १०-१८ वर तो आकाशासाठी नको, निळ्या रंगाचा गडद पट्टा एकाच बाजूला येतो. फिल्टर ६७ मिमीचा घ्या. दोन्ही टॅमरॉन, १०-१८ आणि ७०-३५० सगळ्यांना तोच बसतो. सिग्मा १८-५० साठी ५५ ते ६७ ची रिंग लावा, फक्त मग तिचा हूड बसत नाही.

दुकानात, आणि घरी आणल्यावर

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. बाहेरून आलेला माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी अधिकृत केंद्र त्याला दारातूनच परत पाठवू शकतं.

मिळाल्या दिवशीच एक तपासणी करा. विटांच्या किंवा टाइल्सच्या सपाट भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. मेन्यूतून स्टॅबिलायझेशन बंद, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर, एकदा पूर्ण उघड्या छिद्राला आणि एकदा एफ/८ ला. मग शंभर टक्के मोठं करून चारही कोपरे एकमेकांशी ताडा. चारही सारखेच मऊ असतील तर ती लेन्सची जात आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल आणि कॅमेरा उलटा धरून घेतलेल्या फोटोत तो दोष भिंतीच्या विरुद्ध बाजूच्या भागावर सरकला (फ्रेमचा कोपरा मात्र तोच राहिला), तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे. अशी प्रत लगेच बदलून घ्या, बदलून देण्याची मुदत थोडी असते.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका टाका आणि पुढून बघा. सुटे धुळीचे कण चालतात, त्यांनी फोटोवर काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर बुरशी. ती साफ केली तरी काचेवरचा लेप खाल्लेला असतो.

मुंबई-कोकणात हाच धोका नव्या लेन्सलाही आहे. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कॅमेऱ्याची कापडी बॅग ओलावा धरून ठेवते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर रबरी कडांचा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. त्याहून फार खालीही नको, वंगण सुकतं. सिलिका जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरा. समुद्रावरून आलात तर आधी ओलसर, पिळलेल्या कापडाने लेन्सचं बाहेरचं अंग पुसून मीठ काढा, मग कोरडं करा. एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीत ठेवून वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. आणि सबंध पावसाळा ती लेन्स डब्यात बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून, झूम सावकाश दोन्ही टोकांना फिरवून, खिडकीच्या उजेडात काच तपासा.